चौघे नव्हते

आमच्या उस्तादांनी उभ्या आयुष्यात एकही कौल फोडले नाही. सेनगावात चाळीस वर्षे कराटे शिकवणारा हा माणूस वीट, फरशी, फळी यांपैकी कशावरही हात उगारत नसे. कोणी प्रात्यक्षिकाचा आग्रह धरलाच, तर म्हणत, "कौलानं तुमचं काय वाकडं केलं? पावसात डोक्यावर ऱ्हातंय बिचारं." आणि परवा त्यांच्याच श्रद्धांजली सभेत, त्यांच्याच तसबिरीसमोर, त्यांच्याच शिष्यांनी अकरा कौले फोडली! टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवली नाही, हे नोंदवून ठेवतो.

उस्ताद पेशाने शिंपी. तरुणपणी हैदराबादेत राहून शिवण आणि कराटे दोन्ही शिकून आले. बसस्थानकासमोर त्यांचे दुकान होते आणि मागच्या रिकाम्या गोदामात शाळा. शिष्यांचे पांढरे पोशाख ते स्वतः शिवत आणि खांद्यात मुद्दाम सैल ठेवत. "अंग भरू द्या, कापड वाट पाहून राहिलंय," म्हणत. आज ज्यांना तीन महिन्यांत रंगीत पट्टा हवा असतो, त्यांना हे सांगावे तरी कसे?

शाळेचा एक नियम मात्र कडक होता. सरावाआधी शहाबादी फरशी ओल्या फडक्याने पुसायची; सावकाराच्या मुलानेही आणि हमालाच्याही, गुडघ्यांवर बसून.

सभेत एका वक्त्याने छाती पुढे काढून सांगितले, की उस्तादांनी बसस्थानकावर चार गुंडांना एकट्याने लोळवले. ही कहाणी मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे आणि ती धादांत खोटी आहे. चौघे नव्हते. एकच होता, आणि तो गुंड नव्हता. तो मी होतो.

माझा धाकटा भाऊ त्यांच्याकडे शिकायला जाई. आमच्या घरच्या मुलाला एका शिंप्याने फरशी पुसायला लावली, हे कळताच माझे डोके फिरले. भर बाजाराच्या दिवशी मी उस्तादांना बसस्थानकावर गाठले आणि त्यांच्या कानशिलात लगावली. पुन्हा हात उचलला, तो मात्र हवेतच अडकला. त्यांनी माझे मनगट धरले होते. पिळले नाही, ढकलले नाही. माझा हात सैल पडेपर्यंत नुसते धरून ठेवले.

"दुसरी काहून? पहिलीत काही राहिलं व्हय?"

लोक हसले. मग मला एकट्यालाच ऐकू जाईल असे ते म्हणाले, "हातात वजन हाय, पाय मातर कच्चे हायत. सकाळी पाचला या."

मी गेलो, तो भांडण पुरे करायला. गोदामाच्या दारातून पाहतो, तर माझा भाऊ आणि उस्ताद शेजारी शेजारी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. उस्तादांनी वर न पाहता एक फडके माझ्याकडे सरकवले. "तो कोपरा तुमचा." पुढली एकवीस वर्षे तो कोपरा मीच पुसला.

सभेत मी उठून हे सगळे सांगितले. तेव्हा संयोजक म्हणवणारा, माझ्या हाताखाली उभे राहायला शिकलेला गृहस्थ माझ्यापुढचा माइक काढून घेत म्हणाला, "काका, बसा खाली. उस्तादानं थापड खाल्ली, असं सांगायचं का पोराईला? बेइज्जती व्हईल."

"झाली तर माझी व्हईल. तुला काहून तकलीफ?"

त्याने माइक पुढच्या वक्त्याच्या हाती दिला. वर शाळेच्या दारावर 'चार गुंडांना लोळवणारे उस्ताद' असा फलक लावायचे ठरले. ज्याने आम्हाला प्रत्येक धड्यात आधी अडवायला शिकवले, त्याला हे लोक मारकुटा म्हणून अमर करणार! उस्तादांना चार माणसे लोळवणे जड नव्हते. भर बाजारात थापड सोसून मारणाऱ्याला शिकायला बोलावणे, हे या सभेतल्या एकाला तरी जमले असते काय?

काल मी फलक रंगवणाऱ्या पेंटरकडे गेलो आणि बसस्थानकावरची खरी हकीकत चार ओळींत लिहून दिली. खाली माझे नाव घातले, वडिलांच्या नावासह, आडनावासह.

त्याने कागद न वाचताच विचारले, "काका, हे नाव देणगीदार म्हणून टाकू ना?"

"न्हाई," मी म्हटले. "मारणारा म्हणून."