भाकरीच्या डब्यातली चिप

नांदेडला कॉलेजात असताना माझा डबा हदगावहून सकाळच्या एसटीनं यायचा. आठवड्यातून एकदा त्याच्या वरच्या कप्प्यात, भाकरीच्या घडीवर, प्लास्टिकच्या पुडीत एक चिप असायची. मेमरी कार्डाला आमच्याकडे चिपच म्हणतात. आमच्या शेतातल्या घरी रेंज नव्हती आणि आईला लिहिता येत नव्हतं. म्हणून ती वडिलांच्या फोनवर बोलायची आणि वडील चिप काढून डब्यात ठेवायचे. मी ती माझ्या फोनमध्ये घालून ऐकायचे, तिच्यावरच माझं उत्तर बोलायचे आणि रिकाम्या डब्यातून परत पाठवायचे.

"ए बाई, ऐकून राहिली का?" आईची सुरुवात ठरलेली. मग वडिलांना, "अवं, हे चालू हाय का बंद?"

"चालू हाय. बोल लवकर, चिप भरंल."

"मग तुमची गाणी काढा की त्यातली! बाई, मागल्या बारीला भेंडी वापस आली. उपाशीपोटी कसला अभ्यास व्हतो गं?"

वडिलांनी चिप गाण्यांनी गच्च भरून आणलेली आणि त्यांना एकही गाणं काढवत नसे. उरलेल्या जागेत एकीचंच बोलणं मावायचं. आईचं ऐकून झालं की मी ते पुसून माझं भरायचे. पुढच्या आठवड्यात वडील माझं पुसायचे. त्याचं काही वाटायचं नाही. आई होतीच की, पुन्हा बोलणार होती.

त्या डब्यांवर मी घरातली पहिली पदवीधर झाले. आता लातूरला संगणक शिकवते. मागच्या वर्षी आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वडिलांनी जुना फोन शोधून त्यातली चिप माझ्या हातावर ठेवली. "तू शिकलीस ना यातलं. बघ, तिचा आवाज निघतो का."

मला आशा होती. पुसलं म्हणून चिपमधला आवाज लगेच जात नाही. 'ही जागा मोकळी' एवढीच खूण होते. त्या जागी दुसरं काही भरेपर्यंत जुनं तिथंच पडून असतं. वर्गात हे मी दरवर्षी सांगते. लातूरला येऊन चिप संगणकाला लावली आणि पुसलेलं शोधणारा प्रोग्रॅम चालवला. वडिलांची गाणी मिळाली. मग एक बोलणं मिळालं, ते माझंच. "आई, पेपर चांगले गेले, काळजी करू नको." तिच्या प्रत्येक बोलण्यावर मीच बोलले होते.

गावी जाऊन तिला तेच ऐकवलं. तिनं डाव्या हातानं माझा फोन ओढून तोंडाशी धरला. मी घाईघाईनं रेकॉर्डिंग सुरू केलं. तिचे ओठ बराच वेळ हलत राहिले. एक लांब 'आं' आला, मग नुसता श्वास.

त्याच्या मी तीन ठिकाणी प्रती ठेवल्या आहेत. त्यात शब्द नाही. ती काय सांगत होती, ते मला कळलं नाही.