पिवळ्या दिव्याखाली भरलेली गाडी

लोधीपुऱ्याच्या चौकातला सोडियमचा दिवा आज उतरवला. त्याला वीज कमी लागे, पण त्याचा उजेड निव्वळ पिवळा. त्याखाली दुसरा कोणताही रंग ओळखता येत नसे. एलईडीत बचतही होते आणि रंगही दिसतात, म्हणून असे दिवे बनवणे कारखान्यांनी सोडून दिले आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी तुकईथड गावात रस्त्यावरच्या अशाच दिव्याखाली वडिलांनी केळीची गाडी भरली होती. दिवस मावळला होता. कापलेल्या दांड्यांच्या चिकाचा तुरट वास येत होता. माल हिरवाच जायला हवा; एक घड पिकलेला गेला, तर दिल्लीपर्यंत सारी गाडी पिकते. आई प्रत्येक घडावर वाकून रंग शोधत होती.

"काकू, या उजेडात तर मीपण पिकलेला दिसतो," हमाल हसला.

"म्हणूनच म्हणते, सकाळी भरा," आई वडिलांना म्हणाली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. "भाऊ, भरना है तो भरो, नाहीतर मी चाललो."

गाडी गेली असती, तर कापलेला माल पडून राहिला असता. वडील म्हणाले, "भरा."

आई उठून बाजूला जाऊन बसली. ती रुसली, असे मला तेव्हा वाटले. आता वाटते, ती फक्त थकली होती.

काही दिवसांनी दिल्लीहून व्यापाऱ्याचा फोन आला. माल वाटेतच पिकला होता. वडील बराच वेळ नुसते "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर आईने त्यांचे ताट वाढले.