दादाची दचक

आमच्या दादाला सुरतच्या डिंडोली भागातल्या लोकांनी भित्रा ठरवलं, तेव्हा मी घरोघरी भांडले होते. आजही भांडेन. दचकणं आणि भिणं यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याला नावं ठेवू नयेत.

नव्वदनंतरची गोष्ट. वडील गेल्यावर दादाने शाळा सोडली, आम्हाला खानदेशातून सुरतला आणलं आणि तिथल्याच बमरोलीला एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कामाला लागला. त्याच्या पगारावर मी शिकले आणि मराठी शाळेत विज्ञान शिकवू लागले. एक दिवस त्याच्या मागावरून धोटा उडाला. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारं, लोखंडी टोकांचं लाकूड. तो दादाच्या भुवईवर बसला. डोळा थोडक्यात वाचला आणि जखमही भरली. पण पुन्हा मागापुढे उभा राहिला, की पहिल्याच खटक्याला त्याची मान खाली जायची आणि हात तोंडावर यायचे. कापड बिघडू लागलं. शेठने सांगून टाकलं, होळीपर्यंत बघतो, नाहीतर दुसरा कारीगर ठेवतो.

आई म्हणाली नजर लागली, आणि मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. चहाच्या टपरीवर सोबतचे लोक त्याच्यामागे मुद्दाम टाळी वाजवायचे, तो दचकला की खो खो हसायचे. मेल्यांना दुसरा धंदा नव्हता. दादाही हसून सोडून द्यायचा. एका संध्याकाळी मात्र भाकरी तशीच ताटात ठेवून त्याने मला आमच्या अहिराणीत विचारलं,

"मी भित्रा शे का व?"

मी त्याला सांगितलं, मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे, फार जुना, जनावरांतही असलेला. गवत हललं की तो आधी पळायला लावतो. वाघ होता की वारा, ते कपाळामागचा विचार करणारा भाग नंतर ठरवतो. जे विचार करत थांबले, त्यांचा वंश तिथेच बुडाला. आपण पळालेल्यांची लेकरं. तुझा तो बदाम धोट्याला ओळखून बसलाय, आणि त्याला भाषण देऊन कळत नाही, सवयीनेच कळतं.

मग मी त्याला सवय लावायला घेतली. शेठला भेटून परवानगी काढली आणि तोवर दादाचं मागावरचं काम थांबवलं. वीज बंद असायची त्या सुट्टीच्या दिवशी आम्ही थंड मागाशेजारी बसून डबा खाल्ला. पुढे शाळा सुटली की मी त्याला घेऊन चालू खात्याच्या दारात उभी राहायची, मग रोज थोडं आत. तो कुरकुरायचा, मी ऐकायची नाही. हट्टीपणात मी आईवर गेलेय.

होळी तोंडावर आली तेव्हा आम्ही त्याच्या मागापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात शेजारच्या मागावरून धोटा सुटला आणि आमच्या समोरून जाऊन भिंतीवर आपटला. मला तो दिसलाच नाही. माझ्या डोळ्यांवर दादाचा तळहात होता, घट्ट दाबलेला, तेलाच्या वासाचा.

मी हात बाजूला केला. त्याचा स्वतःचा चेहरा उघडाच होता, भुवईवरची खूण तशीच धोट्याच्या बाजूला. विचार करायला वेळ कुठे होता? ते त्याच जुन्या भागाचं काम होतं. तो भाग पळायला लावतो एवढंच मी आठवडाभर त्याला पढवत होते, आणि पिल्लाला पाठीशी घालणंही तितकंच जुनं असतं, हे सांगायचं राहूनच गेलं होतं. मी त्याच खात्यात, सगळ्यांदेखत रडले.

"दादा," मी म्हटलं, "भित्र्याचा हात आधी स्वतःच्या डोळ्यांवर जातो."

तो आपल्या तळहाताकडे बघत राहिला. मग त्याने तो शर्टाला पुसला आणि माग सुरू केला. पहिल्या खटक्याला मान जराशी हलली. हात मात्र कापडावरच राहिले.