चुडामणच्या दोन माया

जमनाबाईची दोन लेकरं आपापल्या पहिल्याच हिवाळ्यात गेली होती. दोन्हींची कथा एकच. आधी नाक वाहायचं, मग खोकला, मग छातीत घरघर, आणि बरगड्यांखाली पोट लोहाराच्या भात्यासारखं उडू लागलं की गाव म्हणायचं, डबा झाला. डबा झालेलं लेकरू चौथ्या-पाचव्या दिवशी जायचं. म्हणून चैत्रात तिसरा मुलगा, चुडामण, झाला तेव्हा जमनाबाईने पेढे वाटू दिले नाहीत. आधी एक हिवाळा निघू द्या, म्हणाली.

ते १९१८ साल होतं. नंदुरबारपासून चार कोसांवर, तापीच्या अलीकडच्या एका गावात तिचं सासर. नवरा भिला थोरला, दीर मोतीलाल धाकटा, वर सासू नानीबाई. मोतीलालची बायको दगूबाई नंदुरबारची, तिचं माहेर स्टेशनाला लागूनच. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली आणि आषाढात तिथून निरोप आला की आगगाडीबरोबर सुरतेकडून कसलासा ताप आलाय, पोटुशी दगू त्यात आठ दिवस निपचित पडली होती. जमनाबाईने देवापुढे दिवा लावला. तो तिच्यासाठी लावला की कशासाठी, हे तिचं तिलाच कळलं नाही.

दगू वाचली. श्रावणात तिला मुलगा झाला आणि भादव्याच्या अखेरीस ती पोराला घेऊन बैलगाडीतून उतरली. पितांबर नाव. मनगटावर वळ्या पडलेला, लख्ख नजरेचा. नानीबाईने ओवाळलं, शेजारणी गोळा झाल्या. सहा महिन्यांच्या चुडामणला कडेवर घेऊन जमनाबाई उंबऱ्याशी उभी होती. दोन महिन्यांचं ते पोर आपल्या पोराएवढंच दिसतंय, हे तिने पहिल्याच नजरेत मोजलं.

दगूला दूध मावायचं नाही. लुगडं ओलं व्हायचं आणि ती हसून म्हणायची, "काय करू वं बाई, सरतच नही." ती बोलायची ते जमनाबाईला टोचायचं, आणि गप्प बसली तर तेही टोचायचं.

आश्विनात मानमोडीचा ताप गावात शिरला. जोंधळा रानात उभा आणि कापायला माणूस नाही अशी गत. सकाळी बोललेला माणूस दुसऱ्या दिवशी तापीच्या काठावर नेलेला असायचा. घरात आधी भिला पडला, मग मोतीलाल, मग जमनाबाई. दहा दिवस ती जळत होती. शुद्धीवर आली तेव्हा छाती रिकामी होती आणि चुडामण शेजारी खोकत होता.

थकलेली नानीबाई सोडली तर घरात उभी होती एकटी दगू. पोराला झोळीत टाकून ती पेज शिजवायची, पाणी आणायची, सगळ्यांच्या उशाशी बसायची. तिला ताप शिवला नाही. तिच्या पोराला साधी शिंक नाही.

जमनाबाई चुडामणला शेळीचं दूध कापसाच्या वातीने पाजायची. दोन घोट जायचे, तिसऱ्याला ठसका लागून सगळं बाहेर. पलीकडच्या खोलीतून पितांबरचे हुंकार यायचे, आणि मग पिताना होणारा तो गुटुगुटु आवाज. जमनाबाई कानांवर उशी दाबून पडायची. देवाला काही नजर आहे की नाही? दोन घेतली माझी. तिसरं ओरबाडतोय. आणि हिच्या पदराला हातसुद्धा लावत नाही.

एका दुपारी दगू विहिरीवर गेली होती. नानीबाई ओट्यावर डुलक्या घेत होती. जमनाबाई भिंतीला धरून उठली. सर्दीसाठी ओवा चोळलेली चुडामणच्या डोक्यावरची कुंची शेंबडाने, लाळेने ओली झाली होती. तिने ती सोडली, पलीकडच्या खोलीत गेली आणि झोळीत झोपलेल्या पितांबरच्या डोक्याला बांधली. बंद त्याच्या गालावरून, तोंडावरून नीट फिरवले. पोर झोपेत हसलं. ती परत आली आणि अंथरुणावर पडली.

तिसऱ्या दिवशी पितांबर शिंकला.

जमनाबाईने ते ऐकलं आणि ती घाबरली. त्या भीतीखाली कुठेतरी समाधानही होतं, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. दोन दिवस पोराचं नाक वाहिलं, एक दिवस अंग कोमट लागलं. चौथ्या दिवशी ते झोळीत पाय झाडत खिदळत होतं. जे तिच्या पोराचा जीव घेत होतं, ते दगूच्या पोरावरून वाऱ्यासारखं निघून गेलं. जमनाबाईला त्या क्षणी दगूचा जितका राग आला, तितका जन्मात कुणाचा आला नव्हता.

त्याच सकाळी चुडामणचं पोट उडू लागलं. ओठ निळसर झाले. नानीबाईने विळा चुलीत सरकवला. पोटावर तापल्या लोखंडाचा डाग दिला की डबा उतरतो, हा तिच्या सासूपासून चालत आलेला इलाज. जमनाबाईच्या आधीच्या दोन्ही लेकरांना तो दिला होता. आताही तिने पोराचं अंगडं वर केलं आणि तोंड फिरवलं.

दगू आत आली, तिने पोर उचललं.

"आत्याबाई, डाग देऊ नका. त्याले दम पुरत नही, म्हनीसन तो पी सकत नही. थेंब थेंब पाजसूत."

"तू शिकाडशी माले?" नानीबाई कडाडली.

दगू उत्तर द्यायला थांबली नाही. तिने पोराला उभं धरलं, ओल्या फडक्याने नाक मोकळं केलं, मग वाटीत दूध पिळलं आणि शिंपल्याने दोन दोन थेंब ओठांत सोडू लागली. चार थेंब, मग थांबायचं, श्वास बसू द्यायचा, पुन्हा चार थेंब. दुपार झाली, दिवे लागले. तिचं स्वतःचं पोर झोळीत रडत होतं. त्याला नानीबाईने, तोंड वाकडं करत का होईना, हलवलं. तिसऱ्या दिवशी चुडामणने शिंपला झिडकारला आणि सरळ दगूच्या छातीला तोंड लावलं.

पोर वाचलं. जमनाबाई बघत होती. आपलं पोर दुसरीच्या मांडीवर डोळे मिटून पितंय, त्याची चिमुकली मूठ तिच्या मंगळसूत्रात अडकलीय. हात जोडावेत की पोर हिसकून घ्यावं, हे तिला कळेना.

दगूनेच तिला सांगितलं, तूही रोज लाव त्याला छातीला, दूध परत येईल. पंधरा दिवसांनी आलं थोडं. चुडामणने दोन वेळा ओढलं, मान वळवली आणि दगूच्या खोलीकडे बघून भोकाड पसरलं.

कार्तिकात, भिला-मोतीलाल अंथरुणातून उठल्यावर, देवी काढणारा डॉक्टर गावात आला, लेकरांच्या दंडावर टोचायला. दोन्ही पोरं बघून त्याने चौकशी केली. दगूच्या आषाढातल्या तापाचं ऐकून तो म्हणाला, "असं मी आणखी दोन गावांत पाहिलं. पावसाळ्यात ज्यांना हा ताप येऊन गेला, त्यातले बरेच आता सुटले. अंगाला एकदा रोगाची ओळख पटली की ते सावध राहतं, टोचल्यावर देवीचं होतं तसंच. आईच्या अंगातली ही ओळख पोटातल्या पोराला रक्तातून मिळते, आणि थोडीफार दुधातूनही, असं आमचे मोठे साहेब म्हणतात. किती दिवस पुरते, ते मला विचारू नका."

"आनि मन्हा पोऱ्याले?" जमनाबाईने विचारलं.

"त्याच्या अंगाला हा रोग नवाच होता, बाई. नवं अंग घाबरून झुंजतं. झुंजीत आतून सूज येते. मोठ्या माणसाला तेवढी जागा असते. लेकराची श्वासाची नळी गव्हाच्या काडीएवढी. जरा सुजली की दार बंद. दूध पोटात गेलं म्हणून झुंजायला बळ राहिलं त्याला."

तो निघून गेल्यावर जमनाबाई दगूच्या खोलीत गेली. दगू एका मांडीवर एक, दुसऱ्या मांडीवर दुसरा घेऊन बसली होती.

"दगू, ती कुंची मीच बांधी व्हती. मुद्दाम."

"माले ठाऊक शे. तिले ओव्याना वास येत व्हता. मन्हा पोऱ्याले ओवा कोनी लावा व्हता?"

"मंग बोलनी काबर नही?"

दगूने चुडामणच्या ओठांवरचं दूध पदराने पुसलं. "एक दिन मन्हा मनमाबी ऊनं, तुन्हा पोऱ्या जावो. दखी लेवो तू. मंग त्यानं पोट उडताना मी दखं... जाऊ दे. हाऊ घे तुन्हा."

जमनाबाईने चुडामणला घेतलं. तो रडला. तिने घट्ट धरून ठेवला.

पुढे पंचवीस वर्षं दोघी एका चुलीवर राहिल्या. गावात कुणी बाळंत झालं की जमनाबाई दारात बसायची आणि खोकणाऱ्याला, मग तो पाटील का असेना, आत सोडायची नाही. बायका तिला खाष्ट म्हणायच्या. विश्वासही तिच्यावरच ठेवायच्या. पण चुडामण शाळेतून आला की आधी दगूकडे जायचा, ताप आला की दगूला हाक मारायचा, आणि प्रत्येक वेळी जमनाबाईच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं. दगू तेवढं ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

१९४३च्या मार्गशीर्षात दगूबाई गेली. दहाव्याला नदीकाठी न्हावी बसला. पितांबरची हजामत झाली आणि चुडामण उठून त्या दगडावर जाऊन बसला. त्याने मिशीला हात लावून न्हाव्याला खूण केली.

"ऊठ," भिला म्हणाला. "आम्ही मायबाप जित्ता शेत तुन्हा. मिशा काढतस का कोनी?"

न्हाव्याचा वस्तरा थांबला. भाऊबंद कुजबुजले. चुडामण उठेना. बायका सहसा तिथे येत नसत, पण जमनाबाई आली होती, बाभळीखाली उभी होती. सगळे तिच्याकडे बघू लागले.

"काढ," ती न्हाव्याला म्हणाली.

मिशीचे केस तळहातावर पडले तेव्हा चुडामण हमसून रडला. जमनाबाईने त्याला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. आपण गेल्यावर तो इतका रडेल का, हा विचार तिच्या मनात आला, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही. ती पितांबरजवळ गेली, त्याच्या तुळतुळीत डोक्यावर पदर टाकला.

"मन्हा पोऱ्या तुन्ही मायना व्हई गया," ती म्हणाली. "आते तू मन्हा व्हय."

पितांबरने मान हलवली. मग ती दोघांना पुढे घालून घराकडे चालू लागली.