नावाआधीचं श्री.

चहा ओतलाय, घ्या. आणि शेजारच्या सुजाताला मी कसं गोत्यात आणलं ते ऐका. तरी ती अजून माझ्याशी बोलते, हे तिचे उपकार.

सुजाता मावळातल्या भातशेतीवर प्रबंध लिहीत होती. वाचलेली पुस्तकं नोंदवायचं एक सॉफ्टवेअर तिच्या लॅपटॉपवर आहे. तिथून कॉपी करून प्रबंधात पेस्ट केलं की लेखकांची यादी आडनावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे ओळीनं लागते. त्या दिवशी पाचच्या आत यादी तिच्या मार्गदर्शक सरांना गेली नाही, तर सही नाही, आणि प्रबंध सहा महिने पुढे.

दुपारी म्हणाली, "काकू, बाळ झोपलंय. जरा बसता? लोणावळ्यातून औषध आणते."

बसले. लॅपटॉप उघडाच, त्यावर तेच सॉफ्टवेअर. मी काय भिंतीकडे बघत बसणार?

यादी बघितली. एवढी शिकलेली माणसं, आणि नुसती आडनावानं हाक मारल्यासारखी! कुसगावातल्या निम्म्या लग्नपत्रिकांवर नावं मी घालते, असं चालतं का कुठं? एका बोटानं प्रत्येक आडनावाआधी 'श्री.' घातलं. एक पुस्तक फारच जुनं दिसलं, तिथं 'कै.' घातलं.

सुजाता आली. कॉपी, पेस्ट. जवळजवळ अख्खी यादी 'श'मध्ये.

"काकू, पेस्टच बिघडलंय."

"बंद करून चालू कर."

केलं. दुसऱ्या फाइलीत चिकटवून बघितलं. मैत्रिणीला फोन केला. साडेचार वाजले, पोरीचे डोळे भरले.

"पण हे श्री. येतंय कुठून?"

"ते व्हय? ते मी घातलंय की."

तिनं शेजारी खुर्ची ओढली. ओरडली नाही, हे मी जन्मात विसरणार नाही. म्हणाली, "बसा इथं. तुम्ही श्री. दाखवा, मी खोडते." पाचला पाच कमी असताना यादी गेली.

लगेच सरांचा फोन. सुजातानं खरं काय ते सांगितलं, तर म्हणाले, "काकूंना द्या."

मी कान लावला.

"काकू, पुस्तक जुनं आहे, मान्य. पण मी अजून आहे."

'कै.' खोडायचं राहिलं होतं, आणि ते जुनं पुस्तक सरांचंच. सर मात्र पोटभर हसले, आणि सही दिली.

परवा सुजाता छापलेला प्रबंध घेऊन आली. आभाराच्या पानावर सरांच्या खाली माझं नाव. सातवी शिकलेल्या बाईचं! डोळे पुसले, परत वाचलं, आणि तोंडातून निघून गेलंच,

"सुजाता, नावाआधी 'सौ.' राहिलं बघ."