साऊथ हायस्कूलला मिळालेला ‘एफ’

वर्लीन टिस्डेल बीजगणित शिकवायची. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, बेल्फोर काउंटी या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, बंद पडलेल्या सूतगिरणीमागे साऊथ हायस्कूल होतं. ती तिथंच शिकली, तिथंच नोकरीला लागली आणि नवऱ्याला मूठमाती दिल्यावर तिथल्याच फळ्यासमोर येऊन उभी राहिली. दुसरीकडे कुठं जायचं, हे तिला सुचलंच नाही.

काउंटीत हायस्कुलं दोनच. दुसरं नॉर्थ, तळ्याकाठच्या नव्या घरांजवळ. शाळा-मंडळ एकच, परीक्षाही एकच; पोरानं कुठल्या शाळेत जायचं ते घराच्या पत्त्यावरून ठरायचं. दर वर्षी निकालावरून सरकार शाळांना श्रेणी द्यायचं आणि ती पेपरात शेजारी शेजारी छापून यायची. नॉर्थला ‘ए’, साऊथला ‘एफ’. त्या दिवशी साऊथची पोरं एकमेकांना टपल्या मारत वर्गात शिरायची.

“चला रे नापासांनो, बसा जागेवर!”

वर्लीनला हसू यायचं नाही. “श्रेणी शाळेला दिलीय, तुम्हाला नाही. वह्या काढा.”

एका वर्षी तिनं हट्टच धरला. दर शनिवारी चर्चच्या जेवणघरात पोरांना बसवायची, घरून तळलेलं चिकन आणि मक्याचा पाव न्यायची, जो यायचा नाही त्याच्या दारात जाऊन हॉर्न वाजवायची. त्या वर्षी साऊथ एक पायरी चढून ‘डी’वर आलं. मुख्याध्यापक वेंडेल प्रूइट मैदानात सगळ्यांसमोर रडले. ‘डी’साठी रडणारा माणूस नॉर्थवाल्यांनी कधी पाहिला नसेल.

त्या यशात मोठा वाटा केझाया मॅब्रीचा होता. अशी पोरगी वर्लीनला नोकरीत एकदाच मिळाली. गणित समोर आलं की तिचे ओठ हलायचे आणि उत्तर यायचं. तिची आई लोरेटा कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला होती. एका रविवारी प्रार्थना सुटल्यावर तिनं वर्लीनला गाडीपाशी गाठलं.

“मिस वर्लीन, नॉर्थला कॅल्क्युलस शिकवतात म्हणे.”

“शिकवतात. आपल्याकडे ते शिकवायला माणूसच देत नाहीत. मागून मागून थकले मी.”

“माझी बहीण तळ्याजवळ राहते. तिचा पत्ता दाखवला तर पोरगी तिकडं जाईल. पण तुम्ही नको म्हणालात तर नाही पाठवणार, देवाशप्पथ.”

वर्लीननं गाडीत पाहिलं. केझाया नखं खात बसली होती, मुद्दाम दुसरीकडं बघत.

“ने तिला,” वर्लीन म्हणाली. “आणि मला काही सांगितलंच नाहीस असं समज.”

केझाया गेली. तिच्यामागोमाग आणखी काही हुशार पोरं कुणाच्या मावशीच्या, कुणाच्या काकाच्या पत्त्यावर निघून गेली. पुढच्या निकालात केझाया नॉर्थमध्ये गणितात पहिली आली. साऊथ पुन्हा ‘एफ’वर. लगेच मंडळानं साऊथ बंद करायचा ठराव आणला.

सभेला गिरणीकडची सगळी वस्ती लोटली. पडद्यावर दोन शाळांचे दोन खांब उभे केले होते, एक उंच, एक बुटका. मंडळाचे अध्यक्ष हॉलिस ब्रॅनक शांतपणे म्हणाले, “मुलं याच काउंटीची, पुस्तकं तीच. मग फरक कशात पडतो? शिकवण्यात.”

वर्लीन ताडकन उठून माईकपाशी गेली. वाक्य ओठांवर होतं: त्या उंच खांबात आमची पोरं आहेत. तेवढ्यात मागच्या रांगेतली लोरेटा दिसली. कारखान्यातून तशीच आलेली, तोंडावर हात धरून बसलेली. खोटा पत्ता दिला म्हणून मंडळानं एका आईला कोर्टात खेचलं, त्याला फार दिवस झाले नव्हते.

“आमची पोरं हुशार आहेत,” वर्लीन म्हणाली.

“आकडे तसं म्हणत नाहीत, मॅडम.”

कुणीतरी हसलं. शेजारून प्रूइट पुटपुटले, “वर्लीन, बोल ना! सगळं ठाऊक आहे तुला!”

“नाही बोलता येत, वेंडेल.”

ती खाली बसली. ठराव मंजूर झाला. प्रूइट त्यानंतर तिच्याशी कधी धड बोलले नाहीत.

उन्हाळा संपला आणि साऊथची सगळी पोरं बसमध्ये कोंबून नॉर्थला नेली. आता पत्ता लपवायची गरजच उरली नाही. लोरेटा वर्लीनच्या ओट्यावर येऊन ढसाढसा रडली. “एक वर्ष कळ काढली असती तर शाळा वाचली असती का हो?”

वर्लीनला खोटं बोलवेना आणि खरं ठाऊक नव्हतं. तिनं नुसता पाठीवर हात ठेवला.

नॉर्थनं साऊथच्या पोरांसाठी मैदानामागे पत्र्याच्या खोल्या टाकल्या. सगळ्यांना सोप्यात सोपं पुस्तक दिलं आणि शिकवायला वर्लीनला धाडलं. केझाया मुख्य इमारतीत होती. भेटली की घाईनं नमस्कार करायची आणि निघून जायची. पुढच्या निकालात नॉर्थ ‘सी’वर घसरलं. तळ्याकाठचे लोक आपली मुलं खासगी शाळेत घालू लागले.

पालकसभेच्या दिवशी तिथलीच एक बाई वर्लीनला म्हणाली, “राग मानू नका, पण तुमची मुलं यायच्या आधी ही शाळा चांगली होती.”

“केझाया मॅब्री पहिली आली तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्यात. ती आमचीच.”

“कोण?” बाईनं विचारलं आणि पर्समधून गाडीची किल्ली काढली.

वर्लीननं त्याच वर्षी नोकरी सोडली आणि ती मोबील शहरात बहिणीकडं राहायला गेली. तिथल्या चर्चमध्ये कुणीतरी विचारलं, मुलांना थोडं गणित शिकवाल का. बहिणीला वाटलं, ही आता हो म्हणेल. वर्लीननं नकारार्थी मान हलवली आणि जेवणाच्या ताटल्या धुवायला आत निघून गेली.