भूक नसलेलं जेवण
अन्याय माझ्या वहिनीवर झाला, तिचं बाळ पोटातच गेलं त्या पावसाळ्यात, माले गावातल्या आमच्याच घरात. इंद्रायणी तांदूळ शिजल्याचा वास आला की ती दुपार आठवते. सगळ्यांची जेवणं उरकली होती आणि वहिनी चुलीपुढं एकटीच उरलेला भात संपवत होती. “दुःख कसलं हिला, नुसती चरतीया,” आई ओसरीवरून म्हणाली. मी वहिनीजवळ बसले. “भूक लागलीय का?” “न्हाई ताई. बाळाचं कुणी नावच काढत न्हाई. घास चावताना ह्या गप्प घरात कानात आवाज तरी असतो.” मग ती बाळाबद्दल बोलत राहिली आणि भात तसाच राहिला. आता मी त्या घरात राहत नाही, तरी भूक नसताना तिचा हात पातेल्याकडं गेला की ती मला फोन लावते, कारण घरात दुसरं कुणी ऐकत नाही. तुमच्या घरात कुणी अशी एकटी जेवत असेल, तर तिचे घास मोजू नका; आजच शेजारी बसा.